दोनशे आकडी कुलूप

"पस्तीसचे अवयव सांग," ढब्बू म्हणाला.

"पाच आणि सात! मी काय कुकुलं बाळ आहे?" शाल्मली खेकसली. रडून रडून तिचे डोळे सुजले होते.

ढब्बू हा तिच्या हेमांगी आत्याचा यंत्रमानव. मंगळावरच्या धुळीच्या वादळात आत्या गेली ती गेलीच. तिचे शेवटचे शब्द ढब्बूच्या स्मृतीत कुलूपबंद होते आणि कुलूप निघाल्याशिवाय ते उतरवून घेता येत नव्हते. आज संध्याकाळी वसाहतवाले ढब्बूची स्मृती पुसून त्याला हवेच्या पंपांवर जुंपणार होते. आत्याचा जुळा भाऊ हेमंत, म्हणजे शाल्मलीचा बाबा, खिडकीशी नुसता बसून होता. ना धड खाणं, ना बोलणं.

"हे कुलूपही तसंच," ढब्बू म्हणाला. "पण पस्तीसच्या जागी दोनशे आकडी संयुक्त संख्या. तिचे दोन मूळ अवयव (एक आणि स्वतः सोडून कशानेच भाग न जाणाऱ्या संख्या) सांगितले, की उघडलं."

"मग बस की एकेका संख्येनं भागत!"

"सूर्य विझेल, पण भागून व्हायचं नाही. गुणाकार चुटकीसरशी होतो, उलटं जाणं महाकठीण. त्यातून हेमांगीताई बजावायच्या, दोन्ही मूळ संख्या एकमेकींपासून लांबच्या घ्या."

शाल्मलीनं बाबाकडे पाहिलं. ही जुळी भावंडं कधी लांब राहिली होती? मंगळावर आली तीही एकाच यानातून, भांडत भांडत.

"ढब्बू, आत्यानं जोडमूळ संख्या (दोनचा फरक असलेल्या मूळ संख्या) घेतल्या असतील!"

"छे! इतकी कच्ची चूक?"

"बाबासाठी करेल ती. पाच साते पस्तीस. सहा सक छत्तीस, त्याला एक कमी! एकोणसाठ गुणिले एकसष्ट?"

"तीन हजार पाचशे नव्व्याण्णव. साठ गुणिले साठला एक कमी... अरेच्चा!"

"मग तुझ्या त्या राक्षसी संख्येत एक मिळव आणि वर्गमूळ काढ. एक अलीकडची, एक पलीकडची. झाले अवयव!"

ढब्बूनं वर्गमूळ काढलं. अगदी पूर्ण आलं, तसूभरही बाकी नाही. कुलूप निघालं.

"हेमंता," आत्याचा धापा टाकणारा आवाज आला, "जेवलास का रे?"

बाबा उठला. "नाही गं," म्हणाला आणि ढसाढसा रडला.

शाल्मलीनं आवाज उतरवून घेतला आणि बाबापुढे ताट ठेवलं. खिडकीबाहेर अंधारून येत होतं. दारात वसाहतवाले येऊन उभे राहिले.

"उद्या मला तू आठवणार नाहीस," ढब्बू म्हणाला.

शाल्मलीनं त्याचा थंडगार हात घट्ट धरला. "असू दे. आपण पुन्हा पस्तीसपासून सुरू करू."