पुन्हा म्हण

दहावीच्या वर्गाचं स्नेहसंमेलन असलं की माणसं केस काळे करून येतात, हे मला तिथं गेल्यावर कळलं. मी जाणारच नव्हतो. मुलीनं आग्रह धरला, रजा टाकली, गाडी काढली. तिची आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच. मी कुठं जात-येत नाही याचा तिला घोर.

"तिथं तोंड असं करू नका, बाबा," फाटकापाशी गाडी लावताना ती म्हणाली.

"कसं?"

"एरंडेल प्यायल्यासारखं."

वर्ग आमचाच, वरच्या मजल्यावरचा. बाक नवे होते, खिडक्यांचे गज तेच. दुपारचं ऊन गजांच्या सावल्या घेऊन फरशीवर पडलं होतं. पुढं बाकांवर आम्ही बसलो. मागं भिंतीला लागून प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर ज्याची त्याची बायको, नवरा, मुलं. माझी मुलगी दातांच्या डॉक्टरच्या बायकोशेजारी बसली आणि दोघींचं लगेच जमलं. गुडघ्यांच्या दुखण्यावर बोलत होत्या.

मी जन्मभर चौथीला शिकवलं. निवृत्तीनंतरही संध्याकाळी चार पोरं वाचायला येतात. नऊ वर्षांचं पोर थापा मारतं तेव्हा निदान त्याला स्वतःला मजा येते. या लोकांना तीही येत नव्हती. कुणी दोन बंगल्यांचं सांगत होता, कुणी जावयाच्या पगाराचं. हातात माइक भोंग्याच्या. शाळेत त्याचा आवाज तीन वर्ग पलीकडं जायचा म्हणून हे नाव. आता फरशांचं दुकान आहे. एवढ्याशा खोलीत त्याला माइक कशाला हवा होता, हे त्याचं तोच जाणे.

"एकेकानं उठायचं," भोंगा म्हणाला, "आणि शाळा सुटल्यावर आयुष्यात काय केलं ते सांगायचं. मास्तर, तू शेवटी. नाहीतर आमच्या चुका काढत बसशील."

सगळे हसले. मीही ओठ ताणले.

दातांचा डॉक्टर उठला. पोट सावरत त्यानं सुरुवात केली. "मी डॉक्टर झालो. चौकात दवाखाना काढला. मग मी मोठा दवाखाना काढीन. मग माझं लग्न होईल. बायको गोरी असेल."

साठी उलटलेला माणूस, आणि साधा काळ सांभाळता येत नाही. पोराच्या वहीत असतं तर मी खाली रेघ मारली असती. कुणाच्या लक्षातही आलं नाही. टाळ्या वाजल्या. गोऱ्या बायकोची गंमत तिच्या तोंडावर कशी दिसते ते बघावं म्हणून मी मागं वळलो.

मुलीशेजारची खुर्ची रिकामी होती.

मी उठून मागं गेलो. "त्या बाई कुठं गेल्या?"

"कुठल्या बाई?"

"तुझ्याशी बोलत होत्या त्या. गुडघेवाल्या."

"इथं कुणी नव्हतं, बाबा. मघापासून पर्स ठेवलीय मी त्या खुर्चीवर." ती बारीक नजरेनं माझ्याकडं बघत राहिली. "पाणी देऊ का?"

मी जागेवर येऊन बसलो. डॉक्टर खुशीत होता. बायको दिसेनाशी झाली आणि याला पत्ता नाही, असं मनात आलं. नवल वाटलं नाही, त्याची तेवढीच लायकी. 

मधले बाकीचे उठले, बोलले, बसले; माझं लक्ष नव्हतं. शेवटी पेन्सिल उठली. अंगानं बारीक म्हणून पेन्सिल, आता बँकेतून निवृत्त. तिचा दाढीवाला मुलगा मागं उभा राहून मोबाइलवर आईचं भाषण टिपत होता.

"मी बँकेत लागेन," ती म्हणाली. पहिल्याच वाक्याला. "मला एक मुलगा होईल. त्याला मी कधी मारणार नाही."

आवाज पातळ झाला होता. या वेळी मी तिच्याकडं बघत बसलो नाही. सरळ मागं पाहिलं.

मागं भिंत होती. भिंतीपाशी कुणी उभं नव्हतं. माझी मुलगी सोडली तर खुर्च्याही रिकाम्या होत्या.

आणि पुढं, बाकांवर, ज्यांचं बोलून झालं होतं ते सगळे हाताची घडी, तोंडावर बोट असे बसले होते. टकलं, चष्मे, सुटलेली पोटं. एकही हलत नव्हता.

मी मुलीजवळ गेलो. "चल, निघू या."

"असं काय करता? तुमचं बोलणं ऐकायला तर आले मी."

"घरी सांगतो सगळं. ऊठ."

"मास्तर," भोंग्यानं हाक मारली. माइक खाली ठेवला होता, तरी आवाज खणखणीत आला. "तुझी पाळी."

सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या. मुलीनं मला हलकेच पुढं ढकललं. "जा ना, बाबा. दोन वाक्यं बोला आणि या."

दोन वाक्यं. ठीक. काळाची चूक मी करणार नव्हतो.

फळ्यापुढं उभं राहून एकेक शब्द तोलत बोललो. "मी मुलांना शिकवलं. माझं लग्न झालं. मला एक मुलगी आहे. ती तिथं बसली आहे."

वर्गात खसखस पिकली. चुकलेल्या पोराला हसतात तशी.

"'आहे' नाही रे," भोंगा म्हणाला. "'होईल'. पुन्हा म्हण."

त्या आवाजात टिंगल नव्हती, घाई नव्हती. अडखळणाऱ्या पोराशी मी जसा बोलतो, तंतोतंत तसा.

"मुलगी आहे," मी म्हणालो.

"पुन्हा म्हण. सावकाश."

"आहे."

"पुन्हा."

जीभ जड झाली. "मला मुलगी हो—"

मागं ती खुर्चीवरून उठली. चुकून भलत्याच खोलीत आल्यासारखं तिनं इकडंतिकडं पाहिलं आणि पर्स उचलली.

उरलेली अक्षरं मी दातांखाली धरली.

बाकांमधून धावलो. तिचा हात पकडला, तिला ओढत जिन्यानं खाली आणलं. मागून कुणी आलं नाही. नुसता तो धीराचा आवाज येत राहिला, पुन्हा म्हण, पुन्हा म्हण. मग तोही थांबला.

अंगणात लख्ख ऊन होतं. हात माझ्या हातात होता. गरम, खरा.

वाचवली. त्या गाढवांना जमलं नाही ते मी केलं होतं.

"बघितलंस ना," मी म्हणालो, "म्हणून नको म्हणत होतो."

तिनं हात सोडवून घेतला नाही. उलट माझ्यापुढं वाकली, चांगली कमरेतून वाकली, आणि पदराच्या टोकानं माझे गाल पुसले.

"रडू नकोस हं," ती म्हणाली. "तुला न्यायला कोण येणार आहे, बाळ?"