दारात उभं राहू नये

जवळ सरका, आणि ते मोबाईल खिशात घाला आधी. तोंडावर उजेड पडला की मला सुचत नाही. ही गोष्ट फेर्मीनच्या डोळ्यांदेखत घडलेली आहे. माझा चुलतभाऊ, क्लॅरिनेट वाजवतो तो. फेर्मीन पितो, हे सगळ्या गावाला ठाऊक आहे. पण खोटं बोलत नाही. दोन्ही एकदम जमण्याइतकी अक्कल देवाने त्याला दिलेलीच नाही.

मागल्या वर्षी ऑक्टोबरची अकरा तारीख. संध्याकाळी युर्लेनी पेरेआ धक्क्यावर निघाली होती, मेणबत्त्या आणि कॉफी आणायला. युर्लेनी म्हणजे आपली गाणारी. स्वतःच गाणी रचते, दोन अल्बम निघालेत तिचे. त्या रात्री तिच्या आईची, दोमिटिलाची, नववी रात्र होती, गेलेल्या जिवाला निरोप द्यायची. किब्दो शहराहून आलेल्या बोटीतून एस्तेबान उतरला. मेदेयीनचा शहरी पोरगा, रेकॉर्डिंग करणारा. पाठीवर माइकच्या पेट्या आणि पायात पांढरे बूट. फेर्मीन सामान उचलायला आला होता, तो म्हणाला, “बूट डोळे भरून बघून घे रे बाबा, उद्या तुझे तुलाच ओळखायचे नाहीत.”

आता दोमिटिला कोण, ते तुमच्यातल्या थोरांना सांगायला नको. मयतापुढे म्हणायची गाणी, आपले आलाबाओ, म्हणावेत तर तिनेच. पण यंत्रासमोर तोंड उघडायची नाही. “मयताशिवाय हे गाणं म्हणू नये, आणि तुझ्या डबड्यात कुठलं आलंय मयत?” लेकीने दोन्ही अल्बमांच्या वेळी पाय धरले, म्हातारी हलली नाही. तिसऱ्याच्या वेळी मात्र विरघळली. म्हणाली, “बरं, तुझं एखादं गाणं म्हणेन तुझ्याबरोबर. तुझी आई काय गायची, एवढं तरी राहील तुझ्यापाशी.” तारीख ठरली, एस्तेबानला निरोप गेला, आणि त्याच आठवड्यात छातीत कळ येऊन बाई गेली. तिचा आवाज कुठेच राहिला नाही. फोनवरसुद्धा नाही. युर्लेनी वेडी व्हायची बाकी होती.

मग तिने ठरवलं, आई नाही तर आईला निरोप देणारं गाणं तरी अल्बममध्ये घ्यायचं. आईच्या जोडीने जन्मभर गायलेल्या क्लेओफे मावशीला विचारलं. मावशी म्हणाली, “घे. मयत आहे, तर गाणं आहे. फक्त वाटेत येऊ नकोस.”

वाट म्हणजे कुठली, ते कळलं ना? का शहरात राहून सगळं विसरलात? पहाटे मयतासाठी भिंतीला बांधलेली पांढऱ्या चादरींची मांडणी उतरवायची. मेणबत्त्या एकेक करून विझवायच्या. माणसांनी दोन रांगा करून मधून दारापर्यंत जागा सोडायची, आणि शेवटचा आलाबाओ म्हणायचा. त्या वाटेने जीव घराबाहेर पडतो. रडायचं नाही, हाक मारायची नाही, आणि काही झालं तरी दारात उभं राहायचं नाही.

एस्तेबानने घरभर फिरून टाळ्या वाजवून पाहिल्या. आत छपराचा पत्रा घुमत होता. म्हणाला, “ताई, आवाज भरतोय तो दारात.” म्हणून पहाटेआधीच्या अंधारात माइकची काठी दारात उभी राहिली. युर्लेनीला कळत नव्हतं असं नाही, आपल्याच मातीतली पोर ती. फेर्मीन तिच्या कानाशी लागला, “अगं, दारात आहे ते.” ती म्हणाली, “काका, माणूस कुठे उभाय? काठी तर आहे.”

पहाट झाली. मेणबत्त्या विझल्या. गाणं झालं. त्या वेळी दारावरचा पडदा एकदा तरी हलतो, लहानपणापासून बघतोय आपण. त्या दिवशी हलला नाही. मावशी अंधारात म्हणाली, “ही गेली नाही.” मग कोणीतरी दिवा लावला आणि सगळ्यांना काठी दिसली.

मावशीने युर्लेनीकडे पाहिलं. “मावशी, काठी आहे नुसती, माणूस नाही,” ती म्हणाली. मावशीने शाल उचलली आणि गेली.

दुसऱ्या दिवशी एस्तेबानने रेकॉर्डिंग लावलं. सात बायकांचा आवाज, बरोबर होता. पण दुसऱ्या कडव्यापासून खाली आणखी एक आवाज लागला. जाडसर, किंचित उशिरा उचलणारा. फेर्मीनने कप खाली ठेवला. युर्लेनीने हेडफोन कानाला दाबून धरले आणि लहान पोरीसारखी हसायला लागली. “आई आहे! काका, आई आली माझ्या अल्बमवर!”

“बाळ, हे बरं नाही,” फेर्मीन म्हणाला.

“मरेपर्यंत एक ओळ दिली नाही तिने मला. आता दिलीय, तर मी नको म्हणू?”

पोर आईला मुकली होती.

त्या संध्याकाळी त्यांनी त्याच घरात पुढची गाणी धरली. युर्लेनीचं मासळीबाजाराचं गाणं, हसतं-खेळतं, ढोल आणि क्लॅरिनेट. ऐकलं तर त्यातही आई. पण गाणं बाजाराचं, आणि ती म्हणत होती निरोपाचंच. पुन्हा पुन्हा तेच कडवं. एस्तेबानने माइक बदलले, वायरी बदलल्या. काठी केव्हाच दारातून काढली होती. दारं, खिडक्या सताड उघडल्या. आवाज तिथेच. फक्त आता दम लागलेला. गर्दीत तासन्‌तास उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या माणसाचा असतो ना, तसा.

एस्तेबान म्हणाला, “ताई, मी जन्मात असं काही रेकॉर्ड केलेलं नाही. लोक वेडे होतील.” पण झोपायला तो बोटीत गेला. पांढऱ्या बुटांसकट.

तिसऱ्या रात्री युर्लेनी एकटीच गायला बसली. फेर्मीन भिंतीला टेकून होता. तिने दोन ओळी म्हटल्या… आणि थांबली. हेडफोन कानावर होते.

“काय गं?”

हेडफोन काढून तिने फेर्मीनच्या हातात दिले. त्याने कानाला लावले. आधी नुसता श्वास. अगदी जवळ. मग…

“पोरी… बाजूला हो.”

एवढंच. रागाने नाही. थकून.

फेर्मीन सांगतो, युर्लेनी ओरडली नाही की पळाली नाही. जमिनीवर बसली आणि म्हणाली, “मी तिच्या वाटेत उभी आहे, काका. मी माझ्या आईला कोंडून ठेवलंय.” आणि मग रडली ती, नऊ दिवसांचं रडली.

रातोरात ती क्लेओफे मावशीच्या दारी गेली. मावशी आतूनच म्हणाली, “काठी माणूस नसते म्हणालीस ना? जा, काठीला विचार.” युर्लेनी पायरीवर बसून राहिली. शेवटी दार उघडलं. मावशी तरी काय, दोमिटिलाची जन्माची जोडीदारीण. म्हणाली, “पुसशील सगळं? ती जिथं जिथं आहे, तेवढं सगळं? एक ओळ जरी चोरून ठेवलीस, तर मी गाणार नाही.”

“मावशी, तिचा दुसरा आवाज नाही गं माझ्याकडे.”

“तिच्याकडेही दुसरा जीव नाही.”

ऑक्टोबरची पंधरा तारीख. मयत नसताना आलाबाओ म्हणायचा नाही, हा नियम. पण मावशीने बायकांना सांगितलं, “तिची नववी रात्र अजून संपलेली नाही. चला.” चादरी पुन्हा बांधल्या. युर्लेनी यंत्रापुढे बसली. शेवटचं एकदा ऐकू का, असं तिने मावशीकडे पाहिलं. मावशीने मान हलवली. नाही. युर्लेनीने स्वतःच्या हाताने एकेक गाणं पुसलं. एस्तेबान तोंड फिरवून उभा होता. तोही रडत होता म्हणे.

मग दोन रांगा. युर्लेनी दाराजवळ, रांगेच्या शेवटी. तिच्या शेजारी फेर्मीन. दार मोकळं. बाहेर नदी.

मेणबत्त्या विझल्या. काळोख. मावशीने गाणं उचललं.

पहिलं कडवं. काही नाही.

दुसरं…

मांडणीजवळची जमिनीची फळी वाजली. करर्. मग पुढची. मग तिच्या पुढची. कोणी हललं नव्हतं. रांगांच्या मधून… हळूहळू… दाराकडे. बायका गात होत्या, पण आवाज कापत होते. फेर्मीनच्या समोरून काहीतरी गेलं. त्याने डोळे मिटून घेतले.

आणि फळ्या वाजायच्या थांबल्या.

दारात नाही. दाराच्या अलीकडे. युर्लेनीपुढे.

कडवं संपलं. मावशीने पुन्हा धरलं. संपलं. पुन्हा धरलं. घसे सुकले, पण थांबता येईना. ती गेल्याशिवाय कसं थांबणार? फेर्मीनला शेजारी युर्लेनीचा श्वास ऐकू येत होता. हाक मारायची नाही. रडायचं नाही. तिने ओठ इतका चावला, की सकाळी रक्त सुकलेलं होतं. हात बाजूला धरून नुसती उभी राहिली पोर. किती वेळ, कोण जाणे…

मग दारावरचा पडदा बाहेर गेला. पूर्ण बाहेर. आणि सावकाश खाली आला.

“गेली,” मावशी म्हणाली.

दिवे लावले. कॉफी ठेवली. युर्लेनीने कपाळ चोळलं, म्हणाली, “माझं डोकं एका बाजूने ठणकतंय.” दुखवट्याचा काळा रुमाल आई गेली त्या दिवसापासून तिच्या डोक्यावर होता. गाठ क्लेओफे मावशीने मारलेली. ती गाठ मावशीनेच सोडली. दातांनी सोडावी लागली, इतकी घट्ट बसली होती. खाली केस मोकळे असायला हवे होते. दुखवट्यात आपल्याकडे कोणी बायांच्या केसांना फणी लावत नाही.

डावीकडे वेण्या घातलेल्या होत्या. बारीक, कातडी ताणली जाईल अशा आवळून. आणि मानेकडून कपाळाकडे. अशी उलटी वेणी सगळ्या नदीकाठाला एकच बाई घालायची, दोमिटिला, आपल्या लेकीला, शाळेत पाठवताना.

मावशीने तोंडावर शाल घेतली. फेर्मीनने बोट लावून पाहिलं. केसांना ओलं तेल होतं.

उजवीकडचे केस तसेच मोकळे होते.