आयव्हीचा आवाज

उद्या पहाटे पाहुण्यांना घेऊन कयाक काढणार ना तुम्ही? मग बसा जरा. सील लांबूनच दाखवायचा, एवढं नुसतं सांगून तुमचं डोकं ताळ्यावर यायचं नाही, म्हणून डेल्मरचं सांगतो.

डेल्मर माझ्या बहिणीचा मुलगा. सीलला बोलावायची हाक त्याला मीच शिकवली, मामाच शिकवतो आपल्यात. "घरात खायला नसेल तेव्हाच मारायची," म्हणून बजावलंही होतं. गाढवाने हाक तेवढी उचलली.

ही हाक म्हणजे पिलाचं रडणं. त्याला ते हुबेहूब जमेना. घरी सहा महिन्यांची आयव्ही होती. हा तिच्या तोंडातली दुधाची बाटली काढून घ्यायचा, ती टाहो फोडायची आणि हा पाळण्याशी बसून तसंच रडून बघायचा.

"लाज वाटते का रे? पोटची पोर आहे!" लोरेना, त्याची बायको, ओरडायची.

"अगं, मास्तरीण आहे ती माझी," म्हणून हा खिदळायचा.

दहा वर्षांपूर्वीची गोष्ट. नऊ जून, मंगळवार. अलास्का बघायला आलेल्या एका जोडप्याला हिमनदीच्या तोंडाशी न्यायचं आणि परत आणायचं, एवढंच काम होतं. हवा शांत होती. पाणमांजरं उताणी तरंगत पोटावर शिंपले फोडत होती. एका बर्फाच्या लादीवर सीलची मादी पडली होती, कुशीत पिल्लू.

"एवढ्या लांबून काय दिसणार?" पाहुणा कुरकुरला. "जिवंत तरी आहे का ती?"

"जवळ बोलावतो, बघा," डेल्मर म्हणाला आणि आयव्हीसारखा रडला.

मादीने मान उचलली. स्वतःचं पिल्लू कुशीत असताना ती त्या परक्या रडण्यासाठी पाण्यात उतरली. कयाकपाशी येऊन डेल्मरच्या तोंडाकडे बघत राहिली. पाहुण्यांनी फोटो काढले. तेवढ्यात हिमनदीचा कडा कोसळला आणि लाट आली. कयाक कशाबशा सावरल्या, पण बर्फाच्या लाद्या एकमेकींवर आपटल्या. पिल्लू मधे सापडलं. एकदाच ओरडलं.

मादीने वळूनही पाहिलं नाही. तिची नजर डेल्मरवरच होती.

"वेडीच आहे! मलाच पिल्लू समजते!" तो हसला. पाहुणेही हसले.

रात्री सव्वाअकरा. पाहुण्यांना सोडून तो गावच्या किनाऱ्यावर एकटाच कयाक ओढत होता. धुकं उतरलं होतं. पाण्यातून रडणं आलं.

आयव्हीचं. बाटली काढून घेतल्यावरचं.

"लोरेना?"

पुन्हा तेच. पाण्यातूनच.

तो घराकडे धावत सुटला. लोरेना दारात उभी. अनवाणी. गुडघ्यापर्यंत भिजलेली.

"आयव्ही पाण्यात रडत होती... मी धावले, डेल्मर... तिथे कुणीच..."

"आणि पाळण्यात? पाळण्यात बघितलंस?"

ती दारातून बाजूला सरली.

तो आत गेला. आयव्ही पाळण्यातच होती. जागी. तोंड वासलेलं. चेहरा लालबुंद. गालांवर पाणी. जीव खाऊन रडत होती.

आवाज नव्हता.

बाहेर, पाण्यावर... होता.

जुनो शहरातल्या डॉक्टरांनी सगळं तपासलं. गळ्यात काही दोष नाही म्हणाले. धक्क्यावर पाटीवर लिहून तुमच्याशी भांडते ना, तीच आयव्ही. तुम्ही मुकी मुकी म्हणून चिडवता तिला. डेल्मर तेव्हापासून वल्ह्याला शिवलेला नाही. पोरीच्या समोर बसायचीही त्याला हिंमत होत नाही.

आणि त्या घरात, दारापासून पाळण्याच्या जागेपर्यंत, फळ्यांवर हातभर रुंद ओला पट्टा आहे. काहीतरी पोटावर सरपटत आत आल्यासारखा. लोरेना रोज सकाळी कोरडा करते. संध्याकाळी तो पुन्हा ओला असतो.

मी बोट लावून चाखलाय. खारट आहे.