फलकाआडचा थांबा

ब्रेक किंचाळले तेव्हा तिघं जण बसथांब्यासमोरच्या सायकल दुरुस्तीच्या दुकानाच्या पायरीवर बसून सुट्टीत पोहायला जायचे बेत करत होते. पोहायचं बोलणं तिथंच राहिलं. रस्त्यात बस तिरकी उभी होती आणि तिच्या पुढ्यात, जेमतेम हातभर अंतरावर, एक म्हातारे गृहस्थ पिशवी छातीशी धरून थिजले होते.

बस चालवत होती मोजपट्टीची आत्या.

मोजपट्टी सातवीतली उंच, किडकिडीत मुलगी. दिसेल त्या गोष्टीची लांबी-रुंदी मोजायची खोड, म्हणून हे नाव. तिच्याच वर्गातला शेजारचा गप्प्या झोपेतसुद्धा बडबडतो, असं त्याची आई सांगायची. तिसरी त्याची बहीण पिटुकली, दुसरीतली.

गृहस्थ वाचले, पण त्या थांब्यावर पंधरा दिवसांत असं तिसऱ्यांदा घडत होतं. आधीच्या दोघांपैकी एक बाई अजून दवाखान्यात होत्या. पूर्वी इथं पत्र्याची साधी शेड होती. तेव्हा इतक्या वर्षांत कुणाला ओरखडाही आला नव्हता. चकचकीत नवा निवारा उभा राहिला आणि हे सुरू झालं. सायकलवाले काका आवाज खाली आणून म्हणाले, ही जागा आता माणसं मागायला लागली आहे. पिटुकलीनं भावाचा हात घट्ट धरला.

चौकशी होईपर्यंत आत्याची ड्यूटी बंद झाली. घरी ती जेवली नाही. हात मांडीवर ठेवून बसून राहिली आणि एकच वाक्य बोलली, "मला ते दिसलेच नाहीत गं."

दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं निवाऱ्यात जाऊन बसले. छप्पर छान, बाक गुळगुळीत. ज्या बाजूनं बस यायची त्या बाजूला डोक्याहून उंच जाहिरातीचा फलक होता. त्यावरची बाई हातात सरबताचा पेला धरून हसत होती. दिवसाढवळ्याही फलकाच्या आत दिवे जळत होते.

थोड्याच वेळात मोजपट्टीच्या लक्षात आलं, की बाकावर कुणी टिकतच नाही. लोक यायचे, टेकायचे, अस्वस्थ व्हायचे, उठायचे आणि फलकाला वळसा घालून थेट रस्त्यावर उतरायचे. रात्रपाळी करून आलेल्या एक नर्सताई सुजलेले पाय घेऊन कशाबशा बसल्या आणि मिनिटभरात उठल्या. मोजपट्टीनं तासभर खडूनं रेघा ओढल्या. बत्तीस माणसं आली, त्यांतली सत्तावीस रस्त्यावर उतरली.

"पण का उतरतात?" गप्प्या पुटपुटला.

"दादा, इथून बस दिसतच नाही," पिटुकली म्हणाली. "नुसती ती हसणारी बाई दिसते."

मोजपट्टी ताडकन उठली. त्या दोघांना बाकावरच बसायला सांगून ती चालत मागच्या थांब्यावर गेली आणि तिथून बसमध्ये चढून ड्रायव्हरकाकांच्या मागे उभी राहिली. निवारा जवळ आला. काचेतून तिला छप्पर दिसलं, फलक दिसला, हसणारी बाई दिसली. आपली माणसं मात्र कुठंच नव्हती. बाक रिकामा असल्यासारखा वाटत होता. ते दोघं दिसले तेव्हा बस त्यांच्या पुढं निघूनही गेली होती. कुणी हात दाखवलेला दिसला नाही, म्हणून काकांनी थांबवली नव्हती.

दुपारी तिघं कचेरीत गेले, तेव्हा निवाऱ्याचा आराखडा काढणारे इंजिनियरसाहेब नकाशावरून मान वर न करता मुलांचं ऐकत होते. कागदावर सगळं बरोबर आहे, असं त्यांनी सांगितलं. चूक बेशिस्त प्रवाशांची आणि निष्काळजी ड्रायव्हरांची. सोमवारी ते तसा अहवाल देणार होते. म्हणजे आत्याची नोकरी जाणार होती, आणि तो फलक तिथंच उभा राहून चौथ्या माणसाची वाट बघणार होता.

मोजपट्टी दाराकडे वळली. गप्प्या मात्र अगदी नम्रपणे म्हणाला, "साहेब, शिस्तीत बस कशी पकडायची ते एकदा दाखवाल? आम्ही सुट्टीच्या वहीत लिहू."

साहेब खूश झाले. त्याच दिवशी पाच वाजता ते बाकावर ऐटीत येऊन बसले. मोजपट्टी त्यांच्या शेजारी होती. गप्प्या आणि पिटुकली फलकाच्या पलीकडे, फुटपाथवर, बसवर नजर ठेवून उभे होते.

पहिली बस सुसाट गेली. साहेब हसले. दुसरी आली तसा त्यांनी हात वर केला, पण तोवर तीही गेली होती. मग ते हसले नाहीत. त्यांनी घड्याळ पाहिलं, मान वाकडी करून पाहिलं. शेवटी ते उठले आणि बोलता बोलता फलकाशी पोचले. त्यांचा एक पाय खाली रस्त्यावर उतरला.

"बस!" पलीकडून गप्प्या ओरडला.

मोजपट्टीनं दोन्ही हातांनी त्यांचा सदरा मागून धरला आणि सगळा भार टाकून ओढलं. दोघं फुटपाथवर कोसळले. वाऱ्याचा गरम झोत तोंडावर आला आणि बस अगदी अंगालगत घरघरत पुढं गेली.

साहेब तिथंच फुटपाथवर उठून बसले. मग ते म्हणाले, "मला ती दिसलीच नाही."

"आत्यालाही नाही दिसलं," मोजपट्टी म्हणाली.

दुसऱ्या दिवशी फलक उतरला आणि आठवडाभरात त्या जागी आरपार दिसणारी काच बसली. नवा आराखडा काढताना साहेब सकाळभर बाकावर बसले. म्हाताऱ्या माणसांना उठताना काय धरायला लागतं, लहान मुलांना काय दिसतं, हे एकेकाला विचारत राहिले. अहवालात त्यांनी चूक स्वतःच्या नावावर लिहिली. आगारप्रमुखांनी तिघा मुलांना सगळ्या ड्रायव्हर-कंडक्टरांसमोर उभं करून त्यांची पाठ थोपटली. दवाखान्यातल्या बाईंनी आशीर्वाद धाडला.

आत्या पुन्हा कामावर आली, त्या पहिल्या फेरीला तिघं तिच्या मागच्या बाकावर बसले होते. तिनं तो थांबा मागे टाकला. मग रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाली, "सगळ्यांनी मला विचारलं, लक्ष कुठं होतं. मला काय दिसत होतं, ते बघायला तुम्ही तिघंच गेलात."