सानगडीच्या अलीकडची धावपट्टी

हैदराबादहून निघालेलं छोटं विमान गोंदियासाठी खाली येऊ लागलं, तेव्हा सहवैमानिक गुंजनच्या डोक्यात फक्त जेवणाचा विचार होता. आभाळ स्वच्छ होतं. खाली कापणीला आलेलं धान आणि जागोजाग चकाकणारे तलाव. कॅप्टन सुगत लाखांदूरचे. या मार्गावर आले की ते खिडकीतून बोट दाखवत आणि गुंजन दर वेळी पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं करी.

"ते पाय, आमचं लाखांदूर. अन् ती दिसली पट्टी."

पट्टी समोरच होती. करडी, सरळ, लांब. आज जरा लवकरच आली, असं गुंजनला वाटून गेलं. पण सुगतनी पट्टी दिसल्याचं कळवलं, टॉवरनं परवानगी दिली, आणि चाकं इतकी अलगद टेकली की मागे प्रवाशांनी टाळ्या वाजवल्या.

विमान पट्टीच्या टोकाला थांबलं, तोच टॉवरचा आवाज आला. "तुम्ही अजून आम्हाला दिसत नाही. कुठपर्यंत आलात?"

गुंजननं पडद्यावरचा नकाशा पाहिला. गोंदिया अजून बरंच पुढे होतं. विमानाची खूण सानगडी गावाच्या अलीकडे थांबली होती, आणि तिथे कुठलीही धावपट्टी दाखवलेली नव्हती.

भलत्याच विमानतळावर उतरलेल्या वैमानिकांच्या बातम्या तिनं वाचल्या होत्या, हसलीही होती. आता चौकशी होणार, परवाना जाणार, घरी काय सांगायचं?

"सर, आपण चुकीच्या जागी उतरलोय."

"हो ना," सुगत म्हणाले. ते हसत होते.

उजवीकडे एक बैठी इमारत होती. तिच्यावर पाटी नव्हती. पुढच्या लांबलचक ओसरीत बरीच माणसं बसली होती, पाय पसरून, पिशव्या बाजूला ठेवून. कुणी धावत आलं नाही. मोठ्या प्रवासानंतर घर गाठल्यावर माणूस बसतो, तशी ती बसली होती. त्यांच्याकडे बघता बघता गुंजनच्या मानेतली कळ थांबली. चौकशीची भीती ओसरली. लहानपणी तापातून उठल्यावर वाटायचं तसं हलकं हलकं वाटू लागलं.

मागून हवाई सेविका खुशबूचा फोन आला. "मॅडम, सगळे उठून उभे आहेत. दार उघडा म्हणतात. कुणी चिडलेलं नाही हो, उलट सगळे खूश आहेत. उघडू का?"

"थांब," गुंजन म्हणाली. हा एक शब्द उच्चारायला तिला जड गेलं.

ओसरीतून एक माणूस उठून विमानापाशी आला. अंगावर वैमानिकाचा पोशाख, पण त्याची ती रुंद कॉलर गुंजननं फक्त जुन्या फोटोंत पाहिली होती. दोन्ही इंजिनं चालू होती, तरी त्याचा आवाज शेजारी बसून बोलल्यासारखा स्पष्ट आला.

"या. घाबरू नका. मीसुद्धा चुकूनच उतरलो होतो."

"कधी?" गुंजननं विचारलं.

तो आठवू लागला. हसू थोडं फिकं झालं.

"आत्ताच."

सुगतनी पट्टा सोडला. "गुंजन, किती बरं वाटून राहिलं इथं. पाच मिनिटं उतरून येतो."

तेव्हा तिचं लक्ष ओसरीकडे गेलं. इंजिनांच्या पंख्यांचा झोत थेट तिकडे जात होता. गवत आडवं झालं होतं. पण बसलेल्या बायकांचा एकही पदर हलत नव्हता. एकही केस हलत नव्हता.

"सर, पट्टा लावा."

"अगं, पण..."

"लावा म्हणते ना!"

तिनं खुशबूला सगळ्यांना बसवायला सांगितलं आणि विमान वळवलं. ओसरीतली सगळी माणसं आता उभी राहिली होती. रागानं नाही. पाहुणा न जेवता निघाला की घरचे उभे राहतात, तशी.

चाकं जमिनीवरून सुटली.

खाली बघायचं तिनं टाळलं.

गोंदियाला ते उतरले, तेव्हा टॉवरनं उशिराबद्दल विचारलंसुद्धा नाही. उशीर झालाच नव्हता. यंत्रांत एकच उतरणं नोंदलं होतं. डुलकी लागली होती, असं प्रवासी सांगत होते. एकूण एक सुखरूप. खुशबू गुंजनच्या गळ्यात पडून रडली आणि मग दोघी वेड्यासारख्या हसत सुटल्या.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. सुगत आणि गुंजन गाडी करून सानगडीकडे गेले. नकाशावर खूण थांबली होती, तिथे भलामोठा तलाव होता. काठावर मुरारी नावाचा ढिवर जाळं दुरुस्त करत होता. त्याची बायको बायाबाई मासोळी निवडत होती.

"इथं विमान उतरायची पट्टी आहे का हो?" सुगतनी विचारलं.

"पट्टी?" मुरारी हसला. "कायची पट्टी साहेब? माह्या आज्यापासून तलावच हाय हा."

गुंजनच्या छातीवरचा दगड उतरला. उन्हाचा, थकव्याचा भास असेल. दोघांना एकदम होऊ शकतो. बायाबाईनं गूळ घालून चहा केला. सुगतनी लाखांदूरकडची ओळख काढली. गप्पा रंगल्या. कालपासून पहिल्यांदाच गुंजनला कडकडून भूक लागली.

तलावात जाळी होती, ती सगळी काठाकाठानं. मधलं पाणी रिकामं, गुळगुळीत. तिनं सहज विचारलं, "मध्ये मासे नाहीत का?"

"हाय ना. लय हाय."

"मग तिकडे जाळं का नाही टाकत?"

मुरारी पुन्हा जाळ्याच्या गाठी ओढू लागला. बायाबाई कप विसळता विसळता म्हणाली, "मधात नाही टाकत, बाई. मानसं बसून राह्यते ना तिथं."

गुंजननं सुगतकडे पाहिलं. ते तलावाच्या मध्यभागी बघत होते. त्यांनी हात वर केला होता, कुणीतरी तिकडून आधी हात केल्यावर आपण करतो तसा.