सोळा तासांचा प्रवास

"आमच्या नानांना कुणीतरी ढकललंय," दातांची डॉक्टर खुर्चीवर टेकायच्या आधीच म्हणाली. "ती नर्सच असणार. कालच हाकलली मी तिला."

वहिनींनी चष्मा पुसला. तपासाला त्यांचे दीर नेहमी बरोबर असत आणि सारखे 'वहिनी, वहिनी' करत. त्यामुळे त्या आता सगळ्यांच्याच वहिनी झाल्या होत्या.

"आधी काय घडलं ते सांगा."

परवा पहाटे ती वडिलांना बघायला गेली, तर नाना जिन्याच्या तळाशी पडलेले. दाराची कडी काढलेली, वरच्या खोलीत चहाचे दोन कप.

"तिथूनच परदेशात भावाला फोन केला. बिचारा मिळेल त्या विमानानं निघाला. अंधार पडायच्या आत दारात हजर! निदान नानांचं तोंड तरी बघायला मिळालं त्याला."

नर्स तिच्या स्वतःच्या घरी भेटली. रडून रडून डोळे सुजले होते.

"रात्री जेवण देऊन मी निघाले. नानांनी आतून कडी लावलेली मी ऐकली. परक्याला ते उंबरासुद्धा ओलांडू द्यायचे नाहीत. ताईंनी मला काही विचारलंच नाही हो."

भाऊ नानांच्या घरी सर्वांत खालच्या पायरीवर बसला होता.

"थेट विमान होतं ना?" वहिनींनी सहज विचारलं.

"हो. तरी सोळा तास एका जागी. पायांचे खांब होतात."

"नानांशी काही वाद?"

"त्यांनी वृद्धाश्रमात राहावं, असं माझं म्हणणं. फोनवर खटके उडायचे, एवढंच."

संध्याकाळी वहिनींनी तिघांनाही नानांच्या घरी बोलावलं.

"नाना परक्याला आत घेत नसत. इथे कडी त्यांनी स्वतः काढली, चहाही केला. म्हणजे आलेला माणूस घरचा. फोन पहाटे गेला. भाऊ संध्याकाळी पोचला. मध्ये फार तर बारा तास. विमानालाच लागतात सोळा."

"पण वहिनी," दीर म्हणाले, "तिकडची घड्याळं मागे असतात. त्यात भरून निघालं असेल."

"भाऊजी, पहाटही इथलीच, संध्याकाळही इथलीच. तिकडच्या घड्याळाचा संबंध येतो कुठे? फोन घेतला तेव्हा हा याच गावात होता."

भावानं मान खाली घातली.

"ताईला न कळवता आलो होतो, त्यांना समजवायला. भांडण झालं. मी तरातरा खाली उतरलो, ते हाका मारत मागे आले. दारात पोचलो आणि धप्पकन आवाज झाला. वाटलं, रागानं काहीतरी फेकलं..." तो थांबला. "नाही. कळलं होतं मला. तरी मागे वळलो नाही. हॉटेलात जाऊन बसलो."

"अरे, एक दिवस उशिरा आला असतास, तर कुणाला पत्ताही लागला नसता," दीर न राहवून म्हणाले.

"माहीत होतं. पण नाही राहवलं. नाना इथे होते ना."

तो बहिणीकडे वळला.

"ताई, ते... लगेच गेले का गं?"

शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांनी बहिणीला ते सांगितलं होतं. तिनं तोंड उघडलं, पुन्हा मिटलं.

"ऊठ," ती म्हणाली. "पोलीस चौकीवर मी येते तुझ्याबरोबर."

दाराशी नर्स उभी होती. तिनं अंग चोरून वाट दिली. बहीण तिच्यासमोर थांबली. पण मान काही वर झाली नाही.