कुलूपकाकांचा अर्धा पासवर्ड

पटलं तर वाचा, नाहीतर सोडून द्या. पण खोटं म्हणू नका. खोटं मी एकदाच बोललो होतो आणि त्याचीच ही हकीकत आहे.

गेल्या वर्षीचा एक शनिवार. दुपारचे सव्वातीन. एका मोठ्या हॉस्पिटलच्या तळघरातली सर्व्हर रूम. भर दिवसा घडलं, हे आधीच सांगतो.

त्या खोलीत सगळ्या पेशंटचा डेटाबेस होता. कोणाला काय आजार, कोणाला कुठलं औषध चालत नाही, सगळं. त्याच्या मुख्य पासवर्डचे दोन भाग असत. पहिला माझ्या सिनियरच्या डोक्यात, दुसरा माझ्या. सिनियरना सगळे कुलूपकाका म्हणायचे. नाव चिडवायला ठेवलेलं, पण ते खूश व्हायचे.

त्यांचा एकच नियम. एक जण टाइप करत असताना दुसऱ्याने पाठ फिरवायची.

काका दोन बोटांनी टाइप करायचे. चार बटणं... मग जरा थांबायचे... मग सात. झालं की खाकरायचे. "हं, ये."

सात वर्षं मी हे ऐकलं. पाठ फिरवून.

एके दिवशी काकूंच्या डोळ्याचं ऑपरेशन होतं म्हणून काका दुपारीच गेले. संध्याकाळी बॅकअप अडला. नियमाप्रमाणे सुरक्षा अधिकारी मॅडमना बोलवायचं, तिजोरीतलं सीलबंद पाकीट उघडायचं, तीन सह्या करायच्या. इकडे घरी माझी मुलगी तापाने फणफणलेली. मी काकांना फोन लावला.

"काका, एवढ्या वेळेपुरता तुमचा भाग सांगा ना."



"लिहून ठेवू नकोस हं, बाळा," म्हणाले. आणि सांगितला.

मी लिहून ठेवला. त्यांच्याच कॉम्प्युटरवर बसलो होतो. तिथेच एका फाइलमध्ये दोन्ही भाग टाकले, म्हणजे बॅकअप आपोआप होत राहील. नंतर पुसू, म्हटलं. विसरलो.

तीन आठवड्यांनी कोणीतरी बाहेरून त्या फाइलपर्यंत पोचलं. हजारो पेशंटची माहिती चोरीला गेली.

चौकशी बसली. फाइल सापडली काकांच्या कॉम्प्युटरवर. मॅडमनी ती माझ्यासमोर उघडलीसुद्धा नाही. फक्त विचारलं, "त्यांचा भाग तुला माहीत होता?"

"नाही."

"मग तुझा भाग त्यांना कसा कळला?"

"टाइप करताना माझी बोटं बघितली असतील."

ज्या माणसाने सात वर्षं पाठ फिरवली, त्याच्याबद्दल मी हे बोललो. आजही स्वतःची किळस येते.

काका समोरच बसले होते. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

त्यांना काढून टाकलं. चार महिन्यांत ते गेले. हार्ट अटॅक.

महिनाभराने काकू ऑफिसात आल्या.

"एक ओळ लिहून दे रे. यांनी तुझी बोटं बघितली नव्हती, एवढीच. लोक यांना चोर म्हणतात."

"काकू, माझ्या हातात काही नाही."

त्यांना साधं पाणीही विचारलं नाही मी.

पुढच्याच शनिवारी...

पासवर्ड कधीच बदलला होता. पहिला भाग आता नव्या सहकारी बाईंकडे असायचा. त्यांची वाट बघत मी खोलीत एकटाच बसलो होतो. स्क्रीनवर नाव आणि पासवर्डच्या रिकाम्या चौकटी.

मागे दार वाजलं...

बाई आल्या असतील, म्हणून मी उठलो. खुर्ची मोकळी केली. सवयीने पाठ फिरवली.

टक... टक... टक... टक...

थांबलं.

नव्या बाई दहा बोटांनी झपाझप टाइप करतात.

टक... टक... मी मोजत होतो. सात.

मग एक जोरात टक, आणि मागे कोणीतरी खाकरलं...

किती वेळ तसाच उभा होतो, माहीत नाही. खिशातला फोन वाजला. बाई होत्या. "अहो, मी अजून वरच आहे. दहा मिनिटं लागतील."

मी वळलो.

खुर्ची रिकामी. दार बंद. आणि नावाच्या चौकटीत, जिथे अक्षरं ठिपक्यांनी झाकली जात नाहीत, तिथे अकरा अक्षरं. उघडी.

काकांचा जुना भाग.

मी ती पुसली आणि घरी पळालो. पण पुसून उपयोग नव्हता. एंटर दाबलेलं होतं. नावाच्या चौकटीत चुकून पासवर्ड टाकला, की सर्व्हर तो जसाच्या तसा नोंदवून ठेवतो.

सोमवारी मॅडमनी त्या नोंदीचा कागद माझ्यापुढे ठेवला.

"शनिवारी त्या खोलीत फक्त तुझं कार्ड लागलंय. चौकशीत सापडलेली ती पासवर्डची फाइल इथे माझ्याशिवाय कोणी उघडलेली नाही. मग त्यांचा भाग तुला कसा माहीत?"

काय सांगणार? दार वाजलं? कोणी खाकरलं?

मी फोनपासून सगळं सांगितलं. त्याच दिवशी नोकरी गेली. काका निर्दोष होते, असं पत्र मॅडमनी सही करून दिलं. ते घेऊन मी काकूंकडे गेलो.

काकूंनी दारातच वाचलं.

"मला माहीत होतं," त्या म्हणाल्या. "तुझा फोन आला त्याच संध्याकाळी यांनी मला सांगितलं, पोराला माझा भाग दिला म्हणून. चौकशीनंतर मी किती भांडले, खरं सांगून टाका म्हणून. तर म्हणाले, त्याची पोर लहान आहे, राहू दे."

"मग माझ्याकडे कागद मागायला का आलात?"

"तू आपणहून देतोस का, ते बघायचं होतं."

मी शनिवारचं सांगितलं. त्या हसल्या नाहीत. घाबरल्याही नाहीत.

"ते नसणार," म्हणाल्या. "त्यांनी तुला तिथल्या तिथे माफ केलं होतं. मी नाही केलेलं."

आणि दार लावून घेतलं.

या गोष्टीला वर्ष झालं. काकांनी मला माफ केलं होतं, तर त्या दुपारी माझ्या पाठीमागे कोण होतं? काकूंना विचारायला त्यांच्या घरापर्यंत दोनदा जाऊन परत आलोय. त्या काय सांगतील, ते ऐकायची माझी तयारी नाही.